हे घेणाऱ्यांनी तेही घेतलं

कुर्ला स्टेशनातून पश्चिमेला बाहेर पडलं की बीकेसीच्या शेअर रिक्षांची रांग लागते. पूर्ण नाव वांद्रे-कुर्ला संकुल. त्यातलं संकुल वांद्र्याच्या वाट्याला आलं आणि रांग कुर्ल्याच्या, असं म्हणायला हरकत नाही. रिक्षा जिथे जाते तिथल्या काचेच्या इमारतींत गुगल, मेटा, नेटफ्लिक्स यांची ऑफिसं आहेत. ॲपलने भारतातलं आपलं पहिलं दुकान २०२३ च्या एप्रिलमध्ये उघडलं, तेही तिथेच. अलीकडच्या टोकाला, रांगेत, सगळ्यांच्या माना खाली. कुणी रील बघतंय, कुणाच्या कानात गाणं, कुणी पोराच्या शाळेच्या बुटांचे भाव चाळतंय. एक व्हिडिओ संपतो आणि दुसरा आपसूक सुरू होतो. तो कुणी मागितलेला नसतो, पण नकोसा असतो असंही नाही. नकोसा असता तर अंगठा थांबला नसता. हा न मागितलेला दुसरा व्हिडिओ निवडतं कोण, कशावरून, आणि त्यात भलं कुणाचं?

दुसऱ्याने सुचवायचं आणि आपण घ्यायचं, हे कुर्ल्याला काही नवीन नाही. सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचा बाजार आहे. तिथे जाऊन नुसता ‘आरसा द्या’ म्हटलं तर उत्तरादाखल प्रश्नच येतात. गाडी कोणती, कुठल्या सालची, डावा की उजवा? आणि आरसा काउंटरवर ठेवता ठेवता दुकानदार त्याची क्लिपही पुढे सरकवतो, कारण आरसा फुटला म्हणजे क्लिप शाबूत नसणार हे त्याला ठाऊक असतं. त्याने तुमची गाडी पाहिलेली नसते. तुमच्यासारखी शंभर गिऱ्हाइकं मात्र पाहिलेली असतात.

गाण्यांची तऱ्हाही हीच होती. जमशेटजी टाटांनी १८८६ साली कुर्ल्याची धरमसी मिल विकत घेतली आणि तिची स्वदेशी मिल केली. अशा मिलांमधल्या मुंबईच्या मजुरांसाठी पुढे आकाशवाणीवर ‘कामगार सभा’ आली, फर्माइशींसाठी ‘आपली आवड’ होती, आणि हिंदी गाण्यांसाठी १९५२ पासून रेडिओ सिलोनवर अमीन सायानींची बिनाका गीतमाला. गीतमालेतली क्रमवारी रेकॉर्डची विक्री आणि श्रोत्यांची पसंती यांवरून ठरायची. ‘आपली आवड’ला पत्र पाठवणाऱ्यांपैकी कितीजण गाण्यासाठी लिहायचे आणि कितीजण रेडिओवर स्वतःचं नाव ऐकण्यासाठी, हा प्रश्न वेगळा.

त्यानंतर कॅसेटी आल्या. सहा डिसेंबरला दादरच्या शिवाजी पार्कात पुस्तकांच्या जोडीला भीमगीतांचे स्टॉल लागायचे. वामनदादा कर्डकांची गाणी, प्रल्हाद शिंद्यांचा आवाज. स्टॉलवाला मोठ्याने एक कॅसेट लावायचा आणि रस्त्यावरच्या पायांकडे बघायचा. कुठल्या गाण्याला पाय थबकतात, कुठल्या गाण्याला नुसतेच पुढे जातात. दुपारपर्यंत त्याला कळलेलं असायचं की संध्याकाळी काय वाजवायचं. हे पाय बघणं लक्षात ठेवा.

संगणकाने हे काम हाती घेतलं त्याला आता तीस वर्षांहून अधिक काळ झाला. १९९२ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेत ‘टॅपेस्ट्री’ नावाची यंत्रणा उभी राहिली. ईमेल इतक्या ढिगाने येऊ लागल्या होत्या की कुठल्या वाचायच्या हे सहकाऱ्यांच्या शेऱ्यांवरून ठरवावं, असा साधा विचार तिच्यामागे होता. दोन वर्षांनी मिनेसोटा विद्यापीठ आणि एमआयटीतल्या संशोधकांनी ‘ग्रुपलेन्स’ केली. त्याच सुमारास एमआयटीतच उपेंद्र शारदानंद आणि पॅटी मेस यांची ‘रिंगो’ आली, आणि ती खास गाण्यांसाठी होती. रिंगोला ईमेल करायची, ती कलाकारांची यादी पाठवणार, प्रत्येकाला एक ते सात गुण द्यायचे. मग ती तुमच्यासारखेच गुण देणारी माणसं शोधायची आणि त्यांना आवडलेला पण तुम्ही न ऐकलेला कलाकार तुम्हाला सुचवायची.

रिंगोला गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. ताल, राग, भाषा, काहीही नाही. आणि तरी तिचं बरं चालायचं. या साऱ्या विद्येची मेख इथे आहे. यंत्राला माल कळावा लागत नाही, माणसांचे मेळ कळले की पुरे. माल त्यांच्या मागोमाग येतो.

ॲमेझॉनने १९९८ मध्ये ही कल्पना उलटी फिरवली. त्यांच्या तिघा अभियंत्यांनी, ग्रेग लिंडन, ब्रेंट स्मिथ आणि जेरेमी यॉर्क यांनी, २००३ साली त्यावर लिहिलेला निबंध आजही या क्षेत्रात शिकवला जातो. कोट्यवधी गिऱ्हाइकांची एकमेकांशी तुलना करत बसलो तर पान उघडेपर्यंत गिऱ्हाईक निघून जाईल. म्हणून माणसाऐवजी वस्तूची वस्तूशी जोडी लावायची आणि हे तक्ते आधीच तयार ठेवायचे.

समजा, तुम्ही कुकरची रिंग मागवली. ती घेणाऱ्या बाकीच्यांनी आणखी काय काय घेतलं, ते यंत्र बघतं. कुणी शिट्टी घेतली, पुष्कळांनी मोबाइलचं कव्हर घेतलं. नुसती मोजदाद केली तर कव्हर पहिलं येईल, कारण कव्हर कोण घेत नाही? म्हणून सवाल असा टाकायचा, की रिंग घेणाऱ्यांत शिट्टीचं प्रमाण एरवीच्या गिऱ्हाइकांपेक्षा किती जास्त? या चाळणीत कव्हर गळून पडतं, शिट्टी उरते. सीएसटी रोडवरची आरशाची क्लिप ती हीच. फरक कुठे पडतो, तर रिंग घरी आली, कुकरला बसली, दोनदा भातही झाला, तरी फोनवर पुढे कित्येक दिवस रिंगाच दिसत राहतात. खरेदी झाली एवढं यंत्राला कळतं. गरज भागली की नाही, हे कळत नाही. साबण पुन्हा लागतो, रिंग दोन वर्षं लागत नाही, हा फरक शिकवावा लागतो आणि दर वस्तूगणिक तो निराळा असतो.

पुढची मोठी उडी नेटफ्लिक्सच्या बक्षिसाने घेतली. ही हकीकत जरा सविस्तर सांगण्यासारखी आहे. नेटफ्लिक्स तेव्हा पोस्टाने डीव्हीडी पाठवायची. तिचं स्वतःचं ‘सिनेमॅच’ नावाचं यंत्र होतं. कुठला प्रेक्षक कुठल्या सिनेमाला किती तारे देईल, याचा ते अंदाज करायचं. २००६ च्या ऑक्टोबरमध्ये कंपनीने जाहीर केलं, की या अंदाजातली चूक जो १० टक्क्यांनी कमी करील त्याला दहा लाख डॉलर. त्यासाठी ४,८०,१८९ ग्राहकांनी १७,७७० सिनेमांना दिलेले दहा कोटींवर तारे, नावं काढून, खुले केले. जगभरची डोकी कामाला लागली. पहिले काही टक्के भराभर मिळाले आणि मग गाडी अडली. शेवटी जे संघ एकमेकांचे प्रतिस्पर्धी होते त्यांनीच आपापली गणितं एकत्र केली. सप्टेंबर २००९ मध्ये १०.०६ टक्के सुधारणा करणाऱ्या संघाला बक्षीस मिळालं. दुसऱ्या एका संघाचा आकडाही तंतोतंत तेवढाच होता, पण त्यांचं उत्तर वीस मिनिटं उशिरा पोचलं. वीस मिनिटांनी दहा लाख डॉलर हुकले. कुर्ल्याला फास्ट लोकल चुकलेल्या माणसाला हे दुःख कळेल.

गंमत पुढे आहे. ते जिंकलेलं अख्खं गणित नेटफ्लिक्सने कधी वापरलंच नाही. खटाटोपाच्या मानाने फायदा थोडा, असं त्यांचं मत पडलं. दरम्यान धंदाही डीव्हीडीकडून स्ट्रीमिंगकडे वळला होता. आणि नावं काढलेला तो डेटा? टेक्सास विद्यापीठातल्या अरविंद नारायणन आणि विताली श्मातिकोव या दोघांनी दाखवून दिलं, की थोड्या सिनेमांचे तारे आणि तारखा ठाऊक असल्या तर नाव नसलेल्या यादीतूनही माणूस ओळखता येतो. खटला झाला आणि २०१० मध्ये दुसऱ्या स्पर्धेचा बेत गुंडाळावा लागला. कुणी काय पाहिलं याची यादी हीच त्या माणसाची खूण ठरली.

तारे मागे पडण्याचं आणखी एक कारण होतं, आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. तारे देताना माणूस चारचौघांत बसल्यासारखा वागतो. ‘श्वास’ला पाच तारे देतो आणि रात्री ताट घेऊन बसल्यावर ‘अशी ही बनवाबनवी’ लावतो, तीही कितव्यांदा कोण जाणे. कंपन्यांनी बोललेलं सोडून केलेलं मोजायला घेतलं. यूट्यूबने २०१२ मध्ये किती जणांनी व्हिडिओ उघडला यापेक्षा किती वेळ पाहिला याला वजन दिलं. म्हणजे तेच शिवाजी पार्कातलं पायांकडे बघणं, फक्त आता सगळ्यांच्या पायांकडे आणि अहोरात्र. २०१६ मध्ये यूट्यूबच्या अभियंत्यांनी आपल्या यंत्रणेची रचना निबंधातून मांडली. आधी लाखो-कोट्यवधींच्या साठ्यातून तुमच्याजोगे काही शे व्हिडिओ वेगळे काढायचे, मग त्यांना एकेक करून क्रम लावायचा, तो कशावरून, तर तुम्ही किती वेळ बघाल या अंदाजावरून. दोन वर्षांनी कंपनीने सांगितलं, की लोक यूट्यूबवर जो वेळ घालवतात त्यातला ७० टक्क्यांहून जास्त यंत्राने सुचवलेल्या व्हिडिओंवर जातो. नेटफ्लिक्सच्या अधिकाऱ्यांनी २०१५ मध्ये आपला आकडा सुमारे ८० टक्के दिला होता. मागून बघणारा आता अल्पसंख्य आहे.

गाण्यांत मात्र एक अडचण राहते. नवं गाणं कुणी ऐकलेलंच नसतं, मग त्याचा मेळ कुणाशी लावायचा? तिथे यंत्राला अखेर गाणं ऐकावं लागतं. एमआयटीतून निघालेल्या ‘इको नेस्ट’ने ठेका, गती, आवाजाचा पोत यांची मोजमापं काढायचं तंत्र बसवलं होतं, स्पॉटिफायने ती कंपनी २०१४ मध्ये घेतली आणि पुढच्याच वर्षी दर सोमवारी प्रत्येकाला तीस गाण्यांची वेगळी यादी द्यायला सुरुवात केली. भारतात स्पॉटिफाय आलं २०१९ च्या फेब्रुवारीत. तोवर इथे गाना आणि सावन रुळले होते. सावन तर नुकतंच जिओत मिसळून जिओसावन झालं होतं.

मराठी गाण्यांच्या वाट्याला यात जास्तीची खोट येते. हलगी आणि ढोलकी मोजता येते, पण गाण्यावरची चिठ्ठी रोमन लिपीत असते. प्रल्हाद शिंदे हे नाव रोमनमध्ये लिहून बघा. एच घालायचा की नाही, घातला तर कुठे, ‘ल’च्या आधी ए हवा का? ज्याने कॅसेटवरून गाणं चढवलं त्याने त्याच्या मनाने लिहिलं. एकाच गायकाचे असे दोन-तीन गायक झाले की प्रत्येकाचा श्रोता वाटला जातो आणि ज्या मेळावर ही विद्या उभी आहे तो विरतो. कुर्ल्याच्या ख्रिस्ती गावठाणात लग्नाच्या हळदीला म्हटल्या जाणाऱ्या ईस्ट इंडियन मराठी गाण्यांचं तर विचारूच नका. ऐकणारे मोजके, ते एकमेकांकडूनच मागून ऐकणार. यंत्राच्या लेखी तेवढ्याने गाव होत नाही.

आणखी एक भानगड आहे, ती काचेच्या इमारतींतून चटकन दिसत नसावी. ही सारी यंत्रणा एक फोन म्हणजे एक माणूस असं धरून चालते. कुर्ल्यातल्या चाळीत फोन असा कुणा एकाचा नसतो. सकाळी स्वयंपाक होईस्तोवर त्यावर अभंग लागतात. मग धाकटा कार्टून बघत दूध पितो. दुपारी वहिनी ब्लाउजच्या गळ्याचे नमुने बघतात, संध्याकाळी कॉलेजातला मुलगा रॅप ऐकतो, आणि रात्री पाळीवरून आलेला भाऊ कुस्त्यांचे फड लावतो. यंत्राला यातून एकच माणूस दिसतो: पहाटे वारकरी, दुपारी शिंपी, रात्री पैलवान. मग अभंगाच्या मागोमाग रॅप येतं आणि घरात ‘कुणी हात लावला होता फोनला?’ ही चौकशी सुरू होते. कंपन्यांनी वेगवेगळ्या प्रोफाइल काढल्या आहेत खऱ्या, पण पोळी लाटता लाटता कुणी प्रोफाइल बदलत नाही. मला व्यक्तिशः हा घोळ आवडतो. या घरांतल्या मुलांच्या कानांवर जेवढ्या तऱ्हेची गाणी पडतात तेवढी हेडफोनवाल्या मुलांच्या पडत नाहीत.

गर्दी गाण्याला कुठे नेते, याचा एक फार सुंदर प्रयोग कोलंबिया विद्यापीठाच्या मॅथ्यू सॅलगॅनिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी केला होता. २००६ मध्ये तो प्रसिद्ध झाला. अनोळखी बँडची ४८ गाणी घेतली आणि इंटरनेटवर १४,३४१ जणांना ऐकवली. काहींना नुसती गाणी दिली. बाकीच्यांची आठ वेगवेगळ्या जगांत वाटणी केली. तिथे आपल्या जगातल्या इतरांनी कुठलं गाणं किती वेळा उतरवून घेतलं, हेही दिसत होतं. गाणी तीच, माणसं सारखीच, पण एका जगात वर गेलेलं गाणं दुसऱ्या जगात तळाशी सापडू लागलं. फार चांगलं गाणं सहसा बुडालं नाही, फार वाईट सहसा तरलं नाही. मधल्या साऱ्यांचं काहीही होऊ शकत होतं. पहिल्या थोड्या लोकांनी कुठे बोट ठेवलं, यावर पुढचं सगळं गेलं.

मराठीत ‘गुलाबी साडी’चं २०२४ मध्ये जे झालं ते बघताना हा प्रयोग आठवतो. जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोडचं हे गाणं. मागे सिनेमा नाही, मोठा स्टार नाही. टिकटॉकवर २०२० च्या जून अखेरीस बंदी आली आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने रील भारतात आणलं, त्या रीलवर हे गाणं चढलं. साडी नेसलेल्या बायका, शाळकरी मुली, आज्या, मराठी न येणारी माणसंसुद्धा त्यावर नाचली. रील वाढले म्हणून यंत्राने गाणं जास्त जणांपुढे ठेवलं, आणि जास्त जणांपुढे ठेवलं म्हणून रील वाढले. यातलं श्रेय गाण्याचं किती आणि या फेऱ्याचं किती, ते सोडवून दाखवायला दुसरं जग लागेल. पण एवढं नक्की, की भाषेची अट या यंत्राने घातली नाही. सिनेमाची, रेडिओची, कॅसेट कंपनीच्या मुंबईतल्या ऑफिसची दारं जळगावच्या पोराला आधी ठोठावावी लागली असती. तेवढ्यापुरतं या आंधळ्या मोजणीचं मी कौतुक करतो.

वस्तूंच्या बाजारात माझं कौतुक आटतं. गाणं फुकट गेलं तर तीन मिनिटं जातात. वस्तू फुकट गेली तर पैसे. शिवाय तिथे सुचवण्यातच पैसा शिरतो. खरेदीच्या ॲपवर कुकरची रिंग शोधली की वरच्या मालावर बारीक फिक्या अक्षरांत ‘प्रायोजित’ लिहिलेलं असतं. म्हणजे त्या विक्रेत्याने जागेचे पैसे मोजलेत. लोकांनी निवडलेलं, यंत्राने ताडलेलं आणि पैसे भरून वर आलेलं, तिन्ही एकाच रांगेत, एकाच मापाच्या चौकटीत उभे. क्लिप पुढे सरकवणारा सीएसटी रोडचा दुकानदारही नफा बघतोच, तो काही साधू नव्हे. पण क्लिप बसली नाही तर उद्या सकाळी तीच क्लिप घेऊन गिऱ्हाईक त्याच्या दारात उभं असतं, शेजारचे चार दुकानदार ऐकत असतात, आणि त्याला काहीतरी उत्तर द्यावं लागतं. ॲपवर माल परत जातो, पैसेही येतात. ‘तू मला हे का सुचवलंस?’ हे विचारायला तिथे तोंडच नाही.

सरकारला हे अगदीच कळलेलं नाही असं नाही. काही ठरावीक विक्रेत्यांना झुकतं माप दिल्याच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२० मध्ये ॲमेझॉन आणि फ्लिपकार्टच्या चौकशीचा आदेश दिला. कंपन्या कोर्टात गेल्या. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन फसवाफसवीचे तेरा प्रकार नावानिशी जाहीर करून त्यांना बंदी केली. ‘दोनच शिल्लक’ असं खोटंच सांगून घाई करायला लावणं, न सांगता टोपलीत जादा वस्तू टाकणं, हे त्यात आहे. युरोपात मोठ्या कंपन्यांना गिऱ्हाइकाची वैयक्तिक माहिती न वापरता केलेली शिफारस हाही पर्याय द्यावा लागतो. आपल्याकडे तसं बंधन नाही.

पण आपल्याकडे दुसरं एक आहे आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. त्याआधी भाषेच्या भांडणाचं सांगायला हवं. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये मनसेने मागणी केली की ॲमेझॉन आणि फ्लिपकार्टच्या ॲपवर मराठी हवी. ‘नो मराठी, नो ॲमेझॉन’चे फलक लागले, प्रकरण दिंडोशीच्या कोर्टात गेलं, डिसेंबरात कंपनीच्या कार्यालयांची तोडफोडही झाली. फ्लिपकार्टवर मराठी आली आणि २०२१ च्या सप्टेंबरमध्ये ॲमेझॉननेही ती आणली. बटणं मराठी झाली, ‘कार्टमध्ये टाका’ झालं. आईवडिलांच्या पिढीची त्याने सोय झाली, हे मान्य करायलाच हवं. मात्र बटणामागच्या त्या जोड्या लावणाऱ्या तक्त्यात तुकोबांची गाथा हाही एक क्रमांक आणि कुकरची रिंग हाही एक क्रमांक. तिथे मराठी बोलून उपयोग नव्हता आणि तिथवर कुणी गेलंही नाही.

जाण्याचा रस्ता मात्र २०२० च्याच जुलैत, आंदोलनाच्या तीन महिने आधी, केंद्र सरकारने करून ठेवला होता. २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांतला पाचवा नियम सांगतो, की वेगवेगळ्या विक्रेत्यांचा माल विकणाऱ्या प्रत्येक ॲपने वस्तूंचा किंवा विक्रेत्यांचा क्रम कुठल्या मुख्य कारणांनी लागतो आणि त्यातल्या कुठल्या कारणाला किती महत्त्व आहे, हे कुणालाही सहज सापडेल अशा ठिकाणी, साध्या आणि समजेल अशा भाषेत लिहून ठेवलं पाहिजे. भाषा साधी हवी एवढंच त्यात आहे. कुठली, ते नाही. ज्यांना मराठीसाठी पुढचं निवेदन द्यायचं आहे त्यांनी विषय म्हणून हा नियम घ्यायला हरकत नाही. बीकेसीला जायला कुर्ला पश्चिमेहून शेअर रिक्षा मिळते.